केरसुणी नसलेलं घर

सरनाईक बाईंच्या घरात केरसुणी नव्हती.

मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले ती वडिलांबरोबर. आजऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून कोल्हापूरला कॉलेजात येणारी आमच्या घरातली मी पहिलीच. बाई मागच्या अंगणातली खोली एखाद्या शिकणाऱ्या मुलीला राहायला देतात, असं कळलं होतं. वडील काजूच्या कारखान्यात कामाला. शहरातल्या घरात कुठं टेकावं हे त्यांना समजेना. त्यांनी दाराआड डोकावून बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "घर लख्ख हाय गं, पण केरसुणी कुठं दिसंना?"

बाईंनी ते ऐकलं.

"आमच्यात झाडत न्हाईत, पावणं," त्या म्हणाल्या. "झाडलं की धूळ उडती. आमच्यात वढून घेत्यात."

आणि कोपऱ्यातलं एक धोतराचं आवरण बाजूला करून त्यांनी यंत्र दाखवलं. छातीएवढी उंच दांडी, दांडीला लटकलेली कापडी पिशवी, खाली ॲल्युमिनियमचं जड डोकं आणि डोक्यावर पुढच्या बाजूला एक दिवा. जुन्या काळचं, उभं चालवायचं, धूळ ओढणारं मशीन. गल्लीतली पोरं त्याला 'बाईंचा रेडा' म्हणत. बटण दाबलं की दिवा लागायचा, पिशवी फुगायची आणि असा आवाज निघायचा की गल्लीच्या टोकाला दूध घालणारा थांबून बघायचा.

मला वाटलं, हौस असेल. शहरातल्या शिकलेल्या बायकांना असतात अशा हौशी. पण त्या घरात राहायला लागले आणि आठवड्याच्या आत कळलं की ही हौस नव्हती.

बाईंचे यजमान आप्पा एका फाउंड्रीच्या मोल्डिंग खात्यात आयुष्यभर राबले होते. साच्यांची वाळू श्वासाबरोबर आत गेली आणि फुफ्फुसात बसली. ती बाहेर काढायचं औषध नाही. नवी धूळ आत जाऊ द्यायची नाही, एवढंच माणसाच्या हातात असतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्या 'एवढंच'वर बाईंनी आपलं सगळं निवृत्त आयुष्य लावलं होतं.

सकाळी नळाचं पाणी भरून झालं की आप्पा दाराबाहेर, पुढच्या सोप्यात, खुर्चीवर जाऊन बसत. नाकावर ओला रुमाल. बाई घराच्या मागच्या बाजूची सगळी दारं-खिडक्या उघडत, पुढचं दार लावून घेत आणि मशीन सुरू करत. ते चालू असेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. बोललेलं ऐकूही येत नसे. मग एकदम शांतता. त्या शांततेत बाई दांडी धरून नुसत्या उभ्या राहत. मी माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असे, पण एक अक्षर डोक्यात शिरत नसे. कारण आता दार उघडणार, आप्पा आत येणार, आणि ते खोकतात की नाही यावर घराचा सगळा दिवस ठरणार. खोकले नाहीत, तर बाईंचा आवाज यायचा, "चहा टाकू का वो?" खोकले, तर काहीच आवाज यायचा नाही. मशीन पुन्हा उघडल्याचा खडखडाट तेवढा यायचा.

बाईंनी मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवला होता. शाळेत त्यांचं मराठी पुस्तकासारखं असायचं म्हणे, पण घरात त्या आमच्या सगळ्या कोल्हापुरी बायकांसारखं 'मी येतो, मी करतो' असंच बोलत. अंगानं काटक, नऊवारी नव्हे पण पाचवारीचाही काचा मारल्यासारखा खोचलेला पदर. कुठलीही वस्तू घेताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "उघडती का?" मिक्सर असो, इस्त्री असो. जे स्क्रू काढून उघडता येत नाही ते आपलं नव्हे, दुकानदाराचं, असं त्यांचं मत. माझ्या नव्या मोबाइलकडं बघूनही त्यांनी तेच विचारलं होतं. नाही म्हटल्यावर तोंड वाकडं केलं होतं.

मशीन घेतल्याची गोष्ट त्या आणि आप्पा मिळून सांगत. ताराबाई पार्कात एक जुना बंगला पाडायचा होता, म्हणून आतलं सामान विकायला काढलं होतं. बाईंची मैत्रीण झुंबर बघायला गेली आणि सोबत म्हणून बाईंना घेऊन गेली. बाई झुंबराकडं बघायच्या सोडून अडगळीच्या खोलीत शिरल्या. तिथं गाद्यांच्या ढिगामागं हे उभं होतं.

बंगल्याचा तरुण मालक हसला. "मावशी, ते आजोबांच्या वेळचं. शोपीस म्हणून ठेवा घरात."

"शोपीस माझ्या घरात एक हाय की, खुर्चीत बसलेलं," बाई म्हणाल्या. "ह्येला चालवून दाखवा."

इथं आप्पा दर वेळी हसत. आणि हसताना दर वेळी खोकला लागायचा. मग आम्ही दोघी गोष्ट तिथंच धरून, श्वास रोखून बसायचो, आप्पांचा खोकला थांबेपर्यंत. आप्पा हातानंच खूण करायचे: सांग, सांग पुढं.

मालकानं मशीन लावलं. वायरला जुनं सुती कापड गुंडाळलेलं. बटण दाबताच जळका वास आला आणि बंगल्याचा फ्यूज उडाला. मालक ओशाळला. बाईंनी मात्र मशीन उलटं केलं, खालच्या ब्रशाचा रूळ बोटानं फिरवून बघितला. तो सरळ फिरला. "जीव हाय आत," म्हणाल्या आणि भंगाराच्या भावात ते रिक्षात घालून थेट उद्यमनगरला मोटर भरणाऱ्या यासीनभाईंकडं घेऊन गेल्या.

यासीनभाईंनी बघून कपाळाला हात लावला. "बाई, ह्याचं वय माझ्या अब्बांएवढं हाय."

"मग अब्बांस्नी हात लावतोस तसा हळू लाव. मी हितंच बसतो."

आणि खरंच त्या तिथं स्टुलावर बसून राहिल्या. आर्मेचर भरताना, कार्बन घासून बसवताना, बेअरिंगला ग्रीस घालताना सगळं बघून घेतलं. नंतर फक्त मोटर जळाली तरच यासीनभाईंकडं जायचं. बाकी सगळं त्या घरी करत.

रविवारी जेवण झालं की जुन्या वर्तमानपत्रावर मशीन आडवं पडे. बाई चष्मा लावून रुळाभोवती गुंडाळलेले धागे, केस कात्रीनं कापत. त्यात सगळ्यात लांब केस माझे निघत. "ह्यो बघ तुझा बी.ए.चा अभ्यास," म्हणून त्या मला तो गुंता दाखवत. मग केस बांधल्याशिवाय घरात फिरायचं नाही, असा नियम झाला. पिशवी त्या मागच्या अंगणाच्या कडेला, वाऱ्याची दिशा बघून, ओल्या फडक्यात धरून उपडी करत. त्या वेळी आप्पांना पुढच्या सोप्यातून हलायची परवानगी नसे.

एकदा गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणला. दिवसभर माती. दारं लावली तरी फटीतून यायची. बाई सकाळ-संध्याकाळ मशीन फिरवू लागल्या, आणि नेमका तेव्हाच रूळ फिरवणारा रबरी पट्टा तुटला. असला पट्टा आता कुठं मिळणार? बाई शिलाई मशीनच्या दुकानात गेल्या, गिरणीवाल्याकडं गेल्या. कुठला सैल, कुठला जाड. घरात आप्पा ओला रुमाल नाकावर धरून बसलेले. रुमाल बदलायचं काम माझ्याकडं. दुपार झाली, रुमालावर मातीचा पिवळा डाग दिसायला लागला. आप्पांच्या छातीचा भाता वरखाली होताना दिसत होता. शेवटी बाई आल्या त्या हातात रबराच्या कड्या घेऊन. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून घेतली होती. पहिली तुटली. दुसरी बसली. रेडा ओरडला तेव्हा आप्पांनी डोळे मिटले.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "बाई, नवं मशीन घेऊया का?"

"तू परीक्षेचं बघ," त्या म्हणाल्या.

नवं मशीन घ्या, हे त्यांना डॉक्टरांनीही सांगितलं होतं. आप्पांच्या डॉक्टर म्हणजे बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. घरी तपासायला आली तेव्हा मशीनची पिशवी बोटांनी चाचपून ती म्हणाली, "बाई, मोठी धूळ आत राहते, पण बारीक धूळ ह्या कापडातून परत बाहेर येते. आप्पांना बारीकच वाईट. आता आत गाळणी असलेली मशीन मिळतात."

"आठवीत तुला खारे वारे आणि मतलई वारे कधी बरोबर सांगता आले न्हाईत," बाई म्हणाल्या. "कुठलं वारं कुठनं कुठं जातं, ते तू मला शिकवू नको."

डॉक्टर हसली. आप्पाही हसले. मी हसले नाही, कारण बाईंनी त्याच रात्री पिशवीला आतून मांजरपाटाचं अस्तर शिवायला घेतलं. तोंडानं मानलं नव्हतं, तरी ऐकलं होतं.

बाईंनी माझ्यासाठी काय केलं ते सांगायला बसले तर हे लिखाण माझंच होईल. एवढंच सांगते, की दुसऱ्या वर्षाला वडील मला परत न्यायला आले होते, स्थळ आलं होतं. बाईंनी त्यांना जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, "पावणं, पोरगी अर्धी उघडून ठिवलीया. आता जोडल्याबिगर न्यायची न्हाय." वडिलांना काय कळलं देव जाणे, पण ते एकटेच परत गेले.

मी शेवटच्या वर्षाला असतानाची दिवाळी. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे नव्या केरसुणीची पूजा करतात, तीच लक्ष्मी. बाईंकडं केरसुणीच नाही. म्हणून त्या दर वर्षी मशीनच पुजत. आदल्या दिवशी त्याची पिशवी आणि अस्तर साबणानं स्वच्छ धुऊन, वाळवून, पुन्हा लावत. डोक्यावरच्या दिव्याखाली हळदीकुंकू, दांडीला झेंडूची माळ. त्या वर्षी आप्पांच्या थोरल्या बहीण, अक्काताई, हातकणंगल्याहून भाऊबीजेसाठी आधीच येऊन राहिल्या होत्या. त्यांना हे बघवेना. "काय बया ह्यो आवतार! लक्ष्मीला वायर असती व्हय?"

"लक्ष्मीला वायर असू दे न्हायतर शेपूट असू दे," बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाला श्वास देती न्हवं?"

मी दिवाळीला गावाला गेले होते. भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी सकाळी परतले. पुढचं काही मी बघितलं आणि काही अक्काताईंनी नंतर सांगितलं.

दारात सोप्यापासून फाटकापर्यंत अक्काताईंच्या नातींनी मोठी रांगोळी काढली होती; रंग भरभरून, बोटभर जाड. सण संपला, आता ती काढायची. बाई ओलं फडकं घेऊन निघाल्या, पण रंग इतका होता की नुसता चिखल झाला असता. अक्काताई म्हणाल्या, "दिवाळीची रांगोळी केरसुणीनं लोटायची न्हाय. लक्ष्मी भाईर जाती."

"माझ्याकडं केरसुणी कुठं हाय?" बाई म्हणाल्या. "मशीननं काढतो."

"परवा केरसुणी म्हणून पुजलीस, आज केरसुणी न्हाय म्हणतीस? चांगलं हाय की तुझं!"

वाद आपणच जिंकला अशा आनंदात बाईंनी मशीन बाहेर आणलं. रोज घर स्वच्छ होई तेव्हा आप्पा बाहेर बसत. आज बाहेरचं काम, म्हणून त्यांना आत, दाराजवळच्या कॉटवर बसवलं. मशीनची वायर आतून ओढलेली, म्हणून पुढचं दार उघडंच राहिलं. बाई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि फाटकाकडं तोंड करून मशीन ढकलू लागल्या. पाठ घराकडं.

मी फाटकाशी आले तेव्हा रेडा ओरडत होता आणि बाईंच्या तोंडावर मी क्वचित बघितलेलं हसू होतं. रंगांच्या जागी स्वच्छ फरशी उमटत येत होती. मी माझी पिशवी खाली ठेवली आणि सहज त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं.

आप्पांचा पांढरा सदरा गुलाबी झाला होता.

ते काठी फरशीवर आपटत होते. आवाज येत नव्हता. तोंड उघडं होतं, त्यातूनही आवाज येत नव्हता; मशीनपुढं कशालाच आवाज नव्हता. मी ओरडले. बाईंना वाटलं मी रांगोळी चांगली निघाली म्हणतेय. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात अक्काताई स्वयंपाकघरातून आल्या, भावाकडं बघितलं आणि त्यांनी भिंतीतली पिन हिसकून काढली.

मशीन थांबलं आणि आप्पांचा श्वास ऐकू आला. सुक्या विहिरीत रहाट फिरावा तसा.

बाई वळल्या. त्यांनी आधी आप्पांकडं नाही, मशीनच्या पिशवीकडं बघितलं. तिच्या विणीतून गुलाबी पीठ अजून हळूहळू झिरपत होतं. मग त्यांनी दांडी सोडली. मशीन उंबऱ्यावर आडवं पडलं आणि डोक्यावरचा दिवा फुटला. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी पडू दिलं नव्हतं.

मी रिक्षा आणली. दवाखान्यात आप्पांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर आत होती. आम्ही बाहेर बाकावर. अक्काताई रडत होत्या, देवाचं नाव घेत होत्या. बाई ताठ बसलेल्या. हातांना रंग तसाच. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "रांगोळी म्हंजे दगडाचं पीठ. आयुष्यभर तेच त्यांच्या छातीत गेलं. आणि मी पुजायसाठनं पिशवी धुतली, धुळीनं बुजलेली वीण मोकळी केली, आणि तेच पीठ घरात सोडलं."

 

डॉक्टर बाहेर आली. तिनं मास्क खाली केला, तेवढ्या वेळात अक्काताईंनी माझा दंड घट्ट धरला होता. "आज तरी आहेत," ती म्हणाली. "पण आता फुफ्फुसात फार जागा उरलेली नाही, बाई. ह्यापुढं असं एकदाही चालणार नाही."

बाई उठल्या. आपल्या विद्यार्थिनीसमोर हात बांधून उभ्या राहिल्या, वर्गात चुकलेली मुलगी उभी राहते तशा. "वारं कुठनं कुठं जातं ते मलाच कळलं न्हाय," त्या म्हणाल्या. "कुठलं मशीन घ्यायचं ते सांग."

नवं मशीन आलं. हलकं, बुटकं, न उघडणारं. बाईंनी त्याला नाव दिलं नाही. जुन्याचं काय करायचं असा प्रश्न होता. आप्पा घरी आल्यावर दम लागत असतानाही म्हणाले, "ठिव की गं कोपऱ्यात. तुझा जीव हाय त्येच्यात."

"माझा जीव कुठं हाय ते मला म्हाईत हाय," बाई म्हणाल्या.

घ्यायला बरेच आले. एका हॉटेलवाल्याला ते शोभेसाठी हवं होतं, त्याला बाईंनी फाटकातूनच परत पाठवलं. शेवटी एका मंगल कार्यालयाच्या मालकाला दिलं, कारण त्याच्याकडं मोठे गालिचे होते आणि, बाईंनी स्पष्ट विचारून घेतलं, घरात कुणी खोकणारं नव्हतं. फुटलेला दिवा बाईंनी आधी बदलून घेतला. मग त्या माणसाला अख्खी दुपार बसवून पट्टा कसा बसवायचा, कार्बन कधी बदलायचे, रूळ कसा साफ करायचा ते करून घेतलं. तो घामाघूम झाला. "बाई, माझ्याकडं माणसं हाईत ह्या कामाला," म्हणाला.

"मग माणसं घिऊन या उद्या. त्यास्नी शिकवतो," बाई म्हणाल्या. टेम्पोत मशीन चढताना मात्र त्या आत गेल्या. आप्पांच्या औषधाची वेळ झाली होती म्हणे. ती झालेली नव्हती.

मी पदवीधर झाले, बी.एड. करायला दुसऱ्या गावी गेले. फोनवर बाई दोनच वाक्यं बोलत: "हाईत. तू जेवलीस?" पुढच्या दिवाळीच्या आधी बरेच दिवस तो फोनही लागला नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी एस.टी. धरली आणि कोल्हापूरला उतरून चालत गल्लीच्या तोंडाशी आले.

गल्लीत दारोदारी रांगोळ्या होत्या. आकाशकंदील होते. मी लांबूनच बाईंचं दार बघितलं. तिथं रंग नव्हता. कंदील नव्हता. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, त्या घरी दिवाळी करत नाहीत, दारात रांगोळी घालत नाहीत. हे कुणी सांगावं लागत नाही. माझ्या हातात आईनं दिलेली काजूची पिशवी होती. ती घेऊन पुढं जावं की इथूनच परत फिरावं, मला कळेना. शेजारच्या घरातलं कुणी भेटेल, विचारावं, म्हणून थांबले. कुणी भेटलं नाही. मग चालत राहिले, भिंतीच्या कडेकडेनं.

फाटकाशी पोचले तेव्हा दिसलं. बाई सोप्याच्या पायरीखाली उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी वाटीत तांदळाचं ओलं पीठ आणि टांगायचा राहिलेला कंदील. कर्नाटकाकडच्या बायका काढतात तशी, बोट बुडवून, त्या फरशीवर ओल्या रेघा ओढत होत्या. ओल्या असताना त्या दिसतसुद्धा नव्हत्या. वाळलेल्या कडेला तेवढ्या पांढऱ्या उमटत चालल्या होत्या.

"वाकडी गेली," आतून आवाज आला. बारीक, मध्ये श्वास घेत. "डावीकडं."

"गेली तर गेली. हितं येऊन काढताय का?"

दारात, नाकात ऑक्सिजनची नळी घातलेले आप्पा खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि हात वर केला. मी फाटक उघडून धावणारच होते. बाईंनी मान वर केली नाही. पाठमोऱ्याच, पिठाचा हात माझ्या दिशेनं आडवा धरला.

"कडेकडेनं ये," त्या म्हणाल्या. "ओलं हाय अजून."